जुन्या कॉम्प्युटरचा भाव: विकताना, बदलताना आणि देऊन टाकताना

जुने कॉम्प्युटर जमवायला लागलेला माणूस पहिल्या वर्षात दोन चुका हमखास करतो. एखाद्या यंत्राला दुप्पट पैसे मोजतो आणि दुसरे एखादे कवडीमोलाने देऊन बसतो. मी दोन्ही केल्या. पहिलीचे पैसे विसरलो. दुसरीची चुटपुट अजून आहे, कारण ज्या खोक्याला मी अडगळ समजलो, त्यातला एकटा कीबोर्ड बाकी सगळ्या सामानापेक्षा महाग होता.

तेव्हापासून एक गोष्ट धरून चालतो. यंत्र किती वर्षांचे आहे यावर त्याचा भाव फारसा ठरत नाही. घेणाऱ्याच्या मनात त्याबद्दल किती शंका उरल्या आहेत, यावर ठरतो. शंका फेडली की भाव चढतो. लपवली तर आज चढतो आणि उद्या तुमचे नाव उतरते. हा छंद असणारी माणसे मोजकी असतात, ती एकमेकांना ओळखतात आणि त्यांची स्मरणशक्ती त्यांच्या मशिनांपेक्षा फारच मोठी असते.

आधी ओळख पटवा

झाकणावरचे नाव पुरेसे नसते. यंत्र उलटे करा, तळाच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून घ्या. उघडता येत असेल तर आतल्या बोर्डावर छापलेली आवृत्ती पाहा. १९८२ साली आलेला कमोडोर ६४ हा घरगुती कॉम्प्युटर घ्या. बाहेरून दोन नग सारखे दिसतात, पण एकात आवाजाची ६५८१ ही एसआयडी चिप असते आणि दुसऱ्यात ८५८०. पहिलीला १२ व्होल्ट लागतात, दुसरीला ९. दोघींचा आवाजही वेगळा, आणि संगीतवाले त्यावरून तासन्‌तास भांडू शकतात. १९८१ च्या आयबीएम ५१५० चे, म्हणजे त्या कंपनीच्या पहिल्या पीसीचेही तसेच. सुरुवातीच्या बोर्डावर १६ ते ६४ केबी मेमरी बसायची, नंतरच्यावर ६४ ते २५६. नाव एक, गिऱ्हाईक वेगळे.

कधीकधी तर एका भागावरून सगळा हिशोब बदलतो. ॲपलची लिसा १९८३ मध्ये ९,९९५ डॉलरला आली तेव्हा तिच्यात ट्विगी नावाचे फ्लॉपी ड्राइव्ह होते. ते इतके त्रासदायक ठरले की पुढच्या वर्षी कंपनीने ते परत घेऊन नवे ड्राइव्ह बसवून दिले. बहुतेकांनी आनंदाने बदलून घेतले, म्हणून आज ट्विगीसकट लिसा फार थोड्या उरल्या आहेत. ज्याने आळस केला, त्याच्याकडचे यंत्र अनमोल झाले.

मात्र दुर्मीळ म्हणजे महाग, असे समीकरण मांडू नका. कमोडोर ६४ एक कोटीहून जास्त विकले गेले, तरी त्याला रोज मागणी आहे, कारण लहानपणी त्यावर खेळलेली माणसे आता कमावती आहेत. उलट एखाद्या छोट्या कंपनीने हिशोबनिसांसाठी केलेले, सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारे यंत्र जगात शंभर उरले असतील आणि हवे असणारे चारच असतील. त्या चौघांपैकी एक भेटेपर्यंत ते दुर्मीळ यंत्र तुमच्या घरातली जागा अडवून बसते.

मागितलेला भाव आणि मिळालेला भाव

लिलावाच्या संकेतस्थळावर कुणीतरी अवाच्या सवा आकडा टाकलेला दिसतो आणि नवखा माणूस मनातल्या मनात घराचे हप्ते फेडून मोकळा होतो. बाजारात तुरी अन्‌ भट भटणीला मारी, तसला प्रकार. तो आकडा म्हणजे विकणाऱ्याची इच्छा आहे. कित्येक महिने तो तिथेच असतो, यातच काय ते आले.

बघायचे ते विकून पूर्ण झालेले सौदे. बहुतेक मोठ्या लिलाव स्थळांवर तशी गाळणी असते. गेल्या तीन-चार महिन्यांतले, तुमच्याच मॉडेलचे, तुमच्याच अवस्थेतले पाच-सात सौदे शोधा. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून द्या. वरचा बहुधा दोन हट्टी माणसांच्या चढाओढीचा असतो, खालचा चुकीच्या नावाने टाकलेल्या वस्तूचा. उरलेल्यांच्या मधला आकडा धरा आणि पाठवणीचा खर्च त्यात धरला आहे की वेगळा, हे तपासा. वजनदार मॉनिटरच्या बाबतीत हा एकच मुद्दा भाव अर्धा किंवा दुप्पट करून टाकतो.

बातम्यांतले आकडे तर विसरूनच जा. १९७६ मध्ये ६६६.६६ डॉलरला विकलेल्या ॲपल-१ पैकी एक २०१४ च्या लिलावात हेन्‍री फोर्ड संग्रहालयाने ९,०५,००० डॉलरला घेतला, हे खरे आहे. पण ॲपल-१ झाले होतेच सुमारे २००. तुमच्या हातातल्या यंत्राचा त्याच्याशी संबंध एवढाच, की दोन्हींना वीज लागते.

चालू, बंद आणि ‘तपासलेले नाही’

आता खरा मुद्दा. जाहिरातीत सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत कमी खरा असलेला शब्दप्रयोग म्हणजे ‘तपासलेले नाही’. घरात वीज आहे, वायर आहे, बटण आहे, तरी कुणी ते दाबले नाही? अनुभवी संग्राहक हे शब्द ‘बंद’ असेच वाचतो आणि भावही बंद यंत्राचाच देतो. म्हणून तपासता येत असेल तर तपासा. खरोखर नसेल येत, तर का नाही ते लिहा: ‘पॉवर सप्लाय नाही’, ‘योग्य मॉनिटर नाही’. कारण दिले की शंका निम्मी होते.

पण तपासायचे म्हणून थेट प्लग लावू नका. वीस-तीस वर्षे झोपलेल्या यंत्राला एकदम जागे केल्याने जे नुकसान होते, ते झोपेने झालेले नसते. आधी पॉवर सप्लाय वेगळा काढून मीटरने मोजा. कमोडोर ६४ चा जुना, रसायनात बुडवून पक्का केलेला सप्लाय यासाठी बदनाम आहे. त्याची ५ व्होल्टची बाजू बिघडली की व्होल्टेज कमी होत नाही, वाढते, आणि मेमरीच्या चिपा धडाधड मरतात. मीटरवर आकडा ५.२५ च्या वर दिसला तर तो सप्लाय यंत्राला लावायचाच नाही. भार नसताना तो ठीक दाखवतो आणि तापल्यावर चढतो असेही होते, तेव्हा नवा सप्लाय घेणे बरे. बीबीसी मायक्रो आणि ॲपल टूच्या सप्लायमध्ये कागदी फिल्टर कपॅसिटर असतात. त्यांच्या पारदर्शक कवचाला तडे जातात, आत दमट हवा शिरते आणि चालू केल्यावर काही मिनिटांत खोलीभर घाण वासाचा धूर होतो. यंत्र बहुधा वाचते, बघणाऱ्याची मात्र गाळण उडते. तडे दिसले तर आधी ते बदला.

मग बॅटरी. भाव सांगण्याआधी झाकण उघडून बॅटरी बघितली नसेल, तर तुम्ही भाव सांगितलेलाच नाही. कमोडोरच्याच अमिगा २००० आणि अमिगा ५०० प्लस या कॉम्प्युटरांच्या बोर्डावर रिचार्ज होणारी निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळते आणि तिचा क्षार बोर्डावरचे तांब्याचे मार्ग खात सुटतो. साध्या अमिगा ५०० ला ती नसते, पण खाली बसवलेल्या मेमरी कार्डावर असते, आणि तिथे बघायचे नेमके सगळे विसरतात. ॲपलच्या मॅकिंटॉश (मॅक) एसई/३० मध्ये अर्ध्या एए आकाराची ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी आहे. ती फुटली तर बोर्ड, चौकट, सगळे गंजून जाते. हाच एसई/३० आतून स्वच्छ निघाला तर संग्राहक त्याच्यावर तुटून पडतात. त्या काळच्या मॅकमधले, तसेच अमिगा ६०० आणि १२०० मधले बोर्डावर चपटे बसवलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही गळतात. ते कुणी बदलले, कधी बदलले, याची नोंद असेल तर भाव वाढवून मागायला हरकत नाही. नुसते ‘सर्व्हिस केले आहे’ म्हणाल तर कुणी ऐकणार नाही, बोर्डाचा फोटो मागतील. आणि मागावाच.

फोटोंचे एवढेच सांगतो: पुढून, मागून, तळाची पट्टी, उघडलेला बोर्ड, बॅटरीची जागा आणि चालू पडदा. पडद्यावर काय दिसते आहे ते वाचता आले पाहिजे. दोष असेल तर त्याचा फोटो सर्वांत स्पष्ट हवा. तडा गेलेल्या कोपऱ्याचा फोटो मुद्दाम अंधारात काढणारा माणूस पुढच्या वेळी कुणालाच विकू शकत नाही.

पिवळेपणाबद्दल वेगळे बोलायला हवे. जुन्या प्लास्टिकमध्ये आग पसरू नये म्हणून ब्रोमीनची संयुगे घालत. पिवळेपणात त्यांचा हात आहे असे मानतात, आणि प्रकाश व उष्णता तो वाढवतात. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश वापरून तो घालवण्याची कृती २००८ पासून लोकप्रिय आहे. ती चालते, पण रंग परतून येऊ शकतो आणि घाईत केली तर पांढरे पट्टे उमटतात ते कायमचे. यंत्र उजळवलेले असेल तर तसे सांगा. माझे वैयक्तिक मत विचाराल तर समान रंगाचे पिवळे यंत्र पट्टेरी पांढऱ्यापेक्षा कधीही चांगले. विकण्यासाठी म्हणून ही उठाठेव करू नका.

सबंध की सुटे

कमोडोर ६४ ची एसआयडी चिप आता कुणी बनवत नाही. संगीताची उपकरणे करणाऱ्यांना ती हवी असते, आणि नावाचा छाप बदलून विकलेल्या नकली चिपाही भरपूर फिरतात. आयबीएमचा १९८५ पासून आलेला मॉडेल एम कीबोर्ड आजही रोज टायपिंग करणारे लोक शोधतात. त्यांना मागच्या कॉम्प्युटरशी काही देणेघेणे नसते. परिणाम असा की सुट्या भागांची बेरीज सबंध यंत्रापेक्षा जास्त भरते आणि मोह होतो.

माझा नियम सोपा आहे. यंत्र चालू असेल किंवा दुरुस्त होण्याजोगे असेल तर फोडायचे नाही. बोर्ड क्षाराने खाल्ला असेल, चौकट मोडली असेल तर खुशाल फोडा. त्याच्या अवयवांवर दुसरी चार यंत्रे उभी राहतील. आणि सुटे विकताना ‘चालत्या यंत्रातून काढले’ की ‘बंद यंत्रातून काढले’ हे न विचारता सांगा. चिपेचा सगळा भाव त्या एका वाक्यात आहे.

मित्रभाव

आपल्या भाषेत किमतीलाही भाव म्हणतात आणि मनातल्या ओलाव्यालाही, ही सोय संग्राहकांना फार उपयोगी पडते. ओळखीच्या माणसाला बाजारभावापेक्षा बरेच कमी सांगण्याची पद्धत आहे. त्यामागे एक न बोललेली अट असते, की घेणारा ते ठेवेल, लगेच चढ्या भावाने पुढे विकणार नाही. न बोललेली अट पाळली जात नाही, म्हणून ती बोला. ‘नको झाले तर आधी मला विचार’ एवढे पुरते. तरीही कुणी महिन्याभरात तेच यंत्र तिप्पट भावाला लावले तर भांडायला जाऊ नका. यंत्र त्याचे झाले आहे. पुढच्या वेळी त्याला बाजारभाव सांगा.

घासाघीस जरूर करा, पण दोष शोधून शोधून यंत्राची निंदा करत भाव पाडू नका. समोरच्याने ते वीस वर्षे सांभाळलेले असते. ‘माझी ऐपत एवढी आहे’ हे सरळ वाक्य जास्त चालते. आणि पहिल्या माणसाला ‘दिले’ म्हणालात की दिले. तासाभराने दुसरा जास्त देतो म्हणून फिरणे कायद्याने कदाचित चालेल, या मंडळींत नाही चालत.

अदलाबदल

पैसे मधे नसले की सौदा सोपा होतो असे वाटते. प्रत्यक्षात तो अवघड होतो, कारण दोन वस्तूंच्या शंका एकदम मोजायच्या असतात.

पहिले काम म्हणजे दोन्ही बाजूंना एकच माप लावणे. आपल्या यंत्राला बाजारभाव आणि त्याच्या यंत्राला मित्रभाव, असा हिशोब माणूस नकळत करतो. कागदावर दोन्हींचे विकलेले भाव लिहा, दोन्हींचे दोष लिहा, फरक उरला तर तो सुट्या भागांनी किंवा पैशांनी भरा. किरकोळ फरक सोडून द्यावा. तो धरून बसणाऱ्याशी दुसरा सौदा कुणी करत नाही.

कामाची अदलाबदल मला सर्वांत आवडते. एकाला सोल्डरिंग येते, दुसऱ्याकडे तीन बंद यंत्रे पडली आहेत. तिन्ही दुरुस्त करायची आणि एक ठेवून घ्यायचे. यात आधी ठरवायचे ते अपयशाचे: दुरुस्ती जमली नाही तर सुट्या भागांचा खर्च कुणाचा, आणि हातून बोर्ड खराब झाला तर काय. हे शब्द सुरुवातीला तोंडातून काढायला संकोच वाटतो. नंतर काढावे लागले तर मैत्री जाते.

दूरच्या माणसाशी अदलाबदल असेल तर दोघांनी एकाच दिवशी पाठवावे. एक अगदी नवा आणि दुसरा जुना, नावाजलेला असेल तर नव्याने आधी पाठवण्याचा रिवाज आहे, आणि तो अपमान समजू नये. वस्तू पोचल्यावर तपासायला किती दिवस, हे ठरवून टाका. दोन आठवडे पुरेसे. सगळे एका निरोपात लिहा: काय, कोणत्या अवस्थेत, कधीपर्यंत. तोंडी ठरलेले प्रत्येकाला वेगळे आठवते.

पाठवणी

भाव बरोबर ठरला, यंत्र चालू होते, आणि पोचले तेव्हा तुकडे होते. हे फार घडते. जुने प्लास्टिक ठिसूळ होते, नव्वदीच्या दशकातले काही मॅक तर उघडतानाच कडाकडा तुटतात. म्हणून खोक्यात खोके, मधे चारी बाजूंनी चार बोटे भरण. आतली सैल कार्डे काढून वेगळी गुंडाळा, नाहीतर तीच हातोड्याचे काम करतात. थर्माकोलचे सुटे गोळे वापरायचे तर यंत्र आधी पिशवीत बंद करा. सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्हमध्ये पुठ्ठ्याची चकती घालून खटका लावा. ऐंशीच्या दशकातल्या पुष्कळ हार्ड डिस्क वीज गेल्यावर आपले हेड आपण बाजूला नेत नाहीत. त्यांना बंद करण्याआधी पार्क करण्याची आज्ञा द्यावी लागते.

काचेच्या नळीचा मॉनिटर शक्यतो पाठवूच नका, स्वतः पोचवा किंवा न्यायला या म्हणा. नळीची मान बारीक असते, एका आपटीत जाते. आणि तिच्यात बंद केल्यानंतरही हजारो व्होल्ट साठून असू शकतात, तेव्हा ‘जरा उघडून बघतो’ हा विचार शिकल्याशिवाय करायचा नाही.

देऊन टाकणे

धर्माची गाय आणि दात का गं नाय, ही म्हण घेणाऱ्याला सुनावण्यासाठी आहे. देणाऱ्याने मात्र दात मोजूनच द्यावेत. फुकट दिलेले बंद, गळक्या बॅटरीचे, किल्ल्या तुटलेले यंत्र ही भेट नसते. आपली अडगळ दुसऱ्याच्या घरी हलवणे असते. दोष सांगा, घेणाऱ्याला नाही म्हणायची मोकळीक द्या, आणि पाठवणीचा खर्च कुणी करायचा ते आधी बोला.

कुणाला द्यावे? जो पहिला हात वर करतो त्याला देण्यापेक्षा जो ‘मी यावर अमुक करणार आहे’ असे सांगतो त्याला. नवख्या मुलाला पहिले यंत्र चालूच द्यावे, सोबत वायर, एक-दोन डिस्का आणि तासभर तुमचा वेळ. बंद यंत्र देऊन ‘दुरुस्त करत शीक’ म्हणणे फार थोर वाटते, पण त्यातली बरीच यंत्रे तशीच पडून राहतात.

देण्याआधी आतली माहिती बघा. जुन्या डिस्कवर तुमची किंवा आधीच्या मालकाची पत्रे, पगारपत्रके निघतात. ती पुसा. पण पुसण्याआधी सॉफ्टवेअरच्या डिस्कांची प्रत काढून ठेवा. ग्रीसवीझलसारख्या स्वस्त उपकरणाने फ्लॉपीवरचे चुंबकीय संकेत जसेच्या तसे उतरवता येतात, आणि तुमच्या हातातली प्रत शेवटची असू शकते.

संग्रहालयाला द्यायचे मनात असेल तर वस्तू घेऊन दारात उभे राहू नका. आधी यादी आणि फोटो पाठवा. त्यांना कमोडोर ६४ बहुधा नको असतो, तो दहा वेळा मिळालेला असतो. हवे असते ते मूळ पुस्तिका, पावत्या, वापरणाऱ्याच्या आठवणी, हाताने लिहिलेले प्रोग्रॅम. दानपत्र वाचून सही करा. वस्तू प्रदर्शनात ठेवतीलच, कायम ठेवतीलच, असे त्यात सहसा नसते. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांनी सिएटलला उभारलेले लिव्हिंग कॉम्प्युटर्स संग्रहालय २०२० मध्ये बंद झाले. २०२४ मध्ये ते पुन्हा उघडणार नाही हे जाहीर झाले आणि त्यांच्या संग्रहातल्या कितीतरी वस्तू लिलावात गेल्या. संस्थाही माणसांसारख्याच असतात, हे धरूनच द्यावे.

प्रत्येक यंत्रावर एक चिठ्ठी

हे काम सगळे पुढे ढकलतात. तुमच्या माघारी घरच्यांना त्या कपाटातले काय मौल्यवान आणि काय भंगार हे कळणार नाही. ते एकतर सगळे भंगारात घालतील, किंवा बातमीतला आकडा वाचून कुणाला काहीच देणार नाहीत. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी बसा आणि प्रत्येक यंत्राच्या तळाशी चिठ्ठी लावा. शाईची नको, पेन्सिलीची, म्हणजे भाव बदलला की खोडता येतो. माझ्या एका यंत्राखाली असे लिहिले आहे:

‘अमिगा ५००. चालू. मेमरी कार्डावरची बॅटरी काढली आहे. ड्राइव्ह कधीकधी अडतो. सप्लाय नवा, जुना खोक्यात, वापरू नये. साध्या अमिगाच्या भावाला द्यावे, जास्त मागू नये. आधी ज्याने मला हे दिले त्याला विचारावे. त्याचा नंबर वहीत आहे.’